गोल कुणी केला ते नंतर बघू : मुंबईतली हॉकीची भ्रमंती

आमच्या कोल्हापुरात दर उन्हाळ्यात शाळकरी मुलामुलींचं निवासी हॉकी शिबिर भरतं. यंदा मुंबईतूनही दोन-तीन मुलं घ्यायचं ठरलं आणि ती हेरायचं काम माझ्याकडे आलं. चाचणी घेऊन निवडणार नाही, सामने बघून निवडेन, एवढं मी आधीच सांगून टाकलं. शंकूंमधून बॉल झरझर काढणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. अंगावर धावून येणारा बॅक, बाहेरून ओरडणारे सर, दोन गोलांची पिछाडी आणि संपत आलेला दम हे सगळं एकदम समोर आलं की कोण काय करतं, ते मला बघायचं असतं. ते चाचणीत दिसत नाही.

सोबत माझा भाचा होता. तो टोरोंटोजवळ मिसिसागात वाढला. आठवडाभर नोकरी करतो आणि शनिवार-रविवार तिथल्या एका ज्युनियर आइस हॉकी संघासाठी मुलं बघत रिंकवर फिरतो. डिसेंबरात सुट्टीवर आला होता. माझा बेत ऐकून म्हणाला, "मावशी, मी पण येतो. बर्फ नसला म्हणून काय झालं? पोरं बघायची पद्धत तीच."

शुक्रवार

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलो. सामान फार नव्हतं, म्हणून गिरगावपर्यंत चालतच निघालो. वाटेत आझाद मैदान लागलं. दव अजून वाळलं नव्हतं, तरी तीन-चार ठिकाणी विकेटा ठोकून झाल्या होत्या आणि पांढऱ्या कपड्यातली मुलं कॅच घेत होती. एका सामन्याचा फाइन लेग दुसऱ्या सामन्याच्या पॉइंटला पाठ लावून उभा. भाचा कुंपणापाशी थांबलाच.

"सहाशे चौसष्ट इथलेच ना?"

इथलेच. फेब्रुवारी १९८८, शाळांची हॅरिस शील्ड स्पर्धा, शारदाश्रम विद्यामंदिराच्या दोन मुलांची ६६४ धावांची भागीदारी. कांबळी नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. भाच्यानं विचारलं, "त्या संध्याकाळी नुसता धावफलक हातात देऊन एकच मुलगा निवडायला सांगितला असता, तर तू कोण निवडला असतास?" आकडा बघून कांबळीच म्हणावं लागलं असतं. कांबळीही भारताकडून खेळला, लागोपाठच्या कसोट्यांत द्विशतकं ठोकली, पण त्याच्या कसोट्या १७ झाल्या आणि सचिनच्या २००. दोघंही निवडण्याजोगेच होते. पुढची वाट मात्र त्या फलकावर कुठेही लिहिलेली नव्हती. पुढचे सगळे दिवस आम्ही याच एका गोष्टीवर बोलत राहिलो असं म्हटलं तरी चालेल.

धोबीतलावला क्यानीमध्ये बसलो. १९०४ सालचं इराणी हॉटेल. बन मस्का चहात बुडवून खायचा आणि निघताना मावा केक बांधून घ्यायचा. सकाळी लवकर गेलात तर जागा मिळते, दहानंतर उभं राहावं लागतं.

गिरगावात नणंदेकडे मुक्काम. चाळीतली जागा लहान, पण तिनं आमच्यासाठी बाहेरची खोली मोकळी केली होती. जेवायला डाळिंबी उसळ, आमसुलाचं सार, गरम भात. "वहिनी, हॉकीची पोरं बघायला मुंबईत आलात? इथं सगळी क्रिकेटवेडी," असं ती म्हणाली खरी, पण मुंबईची हॉकी जुनी आहे. आगाखान कप १८९६ पासूनचा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या संघाचा गोलकीपर लिओ पिंटो मुंबईचा. आणि युवराज आणि देविंदर वाल्मिकी हे भाऊ तर चर्चगेटच्या स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर, मरीन लाइन्सला वाढले. घरात वीज नसलेल्या खोलीतून युवराज भारतीय संघात गेला, देविंदर २०१६ ला रिओ ऑलिंपिक खेळला. ही दोन नावं मी आमच्या मुलांना नेहमी सांगते.

दुपारी चर्नी रोडहून चर्चगेट, दोनच स्टेशनं. महिंद्रा हॉकी स्टेडियम स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे. १९८२ ची वर्ल्डकप फायनल मुंबईतच झाली होती, पाकिस्ताननं पश्चिम जर्मनीला ३-१ नं हरवलं. आत गेलो तेव्हा टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, पाणी मारणं चाललं होतं. पाण्यानं बॉल सरळ आणि वेगात जातो, पडलं तर कातडी कमी सोलते. उन्हात तापलेल्या ओल्या टर्फचा एक वास असतो. तो आला की माझे पाय आपोआप भराभर पडायला लागतात.

पहिला सामना सतरा वर्षांखालच्या मुलांचा. एका संघाचा सेंटर फॉरवर्ड उंच, खांदे रुंद, फटका जोरदार. सामना ७-० सुटला आणि त्यातले पाच गोल त्याचे. मागच्या पायरीवर बसलेले पालक त्याचं नाव घेऊन ओरडत होते. मी वहीत त्याचा नंबर लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

मग भाच्याची वही बघितली. तिच्यात गोलांचा रकानाच नव्हता. तीन रकाने होते. बॉल येण्याआधी मान वळवून मागे बघितलं का. बॉल आपल्याकडे नसताना पाय कुठे जातात. आणि तिसरा, चूक झाल्यानंतरचे पाच सेकंद.

त्यानं समजावून सांगितलं. बर्फावर एका वेळी पाच खेळाडू आणि एक गोलकीपर. रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. दमछाक एवढी की खेळाडू पाऊण मिनिटात बाहेर येतो, दुसरा आत जातो. या पाऊण मिनिटाच्या पाळीला 'शिफ्ट' म्हणतात. बघणारा माणूस पूर्ण शिफ्टभर एकाच मुलावर नजर ठेवतो, पक (बॉलऐवजी वापरतात ती रबरी चकती) कुठेही असो. तिथं गोल करणाऱ्याला एक पॉइंट, शेवटचे पास देणाऱ्या दोघांपर्यंत प्रत्येकी एक पॉइंट. मुलाच्या नावापुढे ६० पॉइंट दिसले की सगळे त्याच्याकडे धावतात. पण ते पॉइंट कुणाविरुद्ध आले, दंडामुळे समोर एक खेळाडू कमी असताना किती आले, सोबतीला कोण होतं, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही, असं तो म्हणाला.

"या मुलाचे पाच गोल वाईट नाहीत, मावशी. पण समोरचा बॅक एकदाही त्याच्या अंगाला लागला नाही. तो अडचणीत असताना मला बघायचाय."

तो सोमवारी तगड्या संघाशी खेळणार होता. तोपर्यंत मत बनवायचं नाही असं ठरलं.

संध्याकाळी के. रुस्तमला दोन कुरकुरीत बिस्किटांमधली आइस्क्रीमची वडी घेतली आणि मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून संपवली. वारं सुटलं होतं. डिसेंबरातली मुंबई खरंच सुखाची असते.

ज्यांना असे शालेय सामने बघायला जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं इथंच सांगते. मध्यरेषेसमोर, जमेल तितक्या वरच्या पायरीवर बसा, म्हणजे बॉल नसलेले खेळाडूही नजरेत राहतात. खाली कुंपणाला टेकून बघितलं तर फक्त धक्काबुक्की दिसते. पश्चिमेचं ऊन दुपारनंतर डोळ्यांवर येतं, टोपी हवीच. पेनपेक्षा पेन्सिल बरी. लहान मुलांचे फोटो किंवा व्हिडिओ संघाच्या सरांना विचारल्याशिवाय काढू नका, आणि कुठल्याही मुलाला "तुझी निवड होणार" असं चुकूनही बोलू नका. तेवढ्या एका वाक्यानं पोर आठवडाभर झोपत नाही.

शनिवार

सकाळी मुलींचे सामने. चौदा वर्षांखालच्या. साडेसातला हवेत धुरकट थर होता, समोरच्या इमारतींच्या कडा पुसट. नऊनंतर ऊन आलं आणि दमटपणा वाढला.

दुसऱ्या सामन्यात एका महापालिका शाळेचा संघ ०-५ नं हरला. त्या संघाची सेंटर हाफ, म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळणारी, सगळ्यात बुटकी. स्टिक तिच्या उंचीला जरा मोठीच होती, उसनी असावी. पहिली पाच मिनिटं मी तिच्याकडे बघितलंही नाही. भाच्यानं कोपरानं ढोसलं, "आता पाच मिनिटं फक्त सहा नंबर. बॉल बघू नकोस."

मग बघत बसले. बॉल डाव्या बाजूला असला की ती उजवीकडे बघून घ्यायची. परत डावीकडे. बॉल तिच्याकडे यायच्या आधी तिची मान दोनदा वळलेली असायची, म्हणून बॉल आला की तो कुठे द्यायचा ते तिचं ठरलेलं असायचं. एका ट्रॅपवर, म्हणजे आलेला बॉल थांबवताना, तो तिच्या स्टिकवरून उडाला आणि समोरची मुलगी घेऊन पळाली. बाकीच्या मुली अशा वेळी कपाळाला हात लावतात किंवा सरांकडे बघतात. ही फिरली आणि धावत सुटली. डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, तोंडाशी खाली वाकून, स्टिक टर्फवर आडवी टाकून तिनं बॉल काढला. फाउल नाही, कार्ड नाही. तो बॉल तिनं लगेच लेफ्ट आउटला दिला. लेफ्ट आउटनं तो रेषेबाहेर घालवला. सहा नंबरनं तिला टाळी दिली आणि आपल्या जागेवर गेली.

स्कोअरशीटवर या सगळ्यातलं काहीही येत नाही. तिच्या नावापुढे शून्य, संघापुढे शून्य.

सामना संपल्यावर आम्ही संघाच्या बाईंना भेटलो. त्यांनी नोंदणीचा कागद दाखवला. जन्म नोव्हेंबरातला. भाच्याचा चेहरा खुलला. तो म्हणाला, वयोगट १ जानेवारीपासून मोजला तर जानेवारीत जन्मलेलं मूल आणि डिसेंबरातलं मूल एकाच गटात येतं, म्हणजे जवळजवळ एक वर्षाचा फरक. तेराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे चार बोटं उंची आणि बरीच ताकद. कॅनडात १९८५ मध्ये बार्न्सली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ज्युनियर हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू कितीतरी जास्त निघाले. लहानपणी ते अंगानं मोठे दिसतात, म्हणून निवडले जातात. निवडल्यावर बर्फावर खेळायला वेळ जास्त मिळतो, प्रशिक्षक चांगले मिळतात, आणि मग ते खरोखरच चांगले होतात. नोव्हेंबरातली मुलं मधेच कुठेतरी गळून जातात.

मी त्याला आपल्याकडची १ जून सांगितली. माझ्या वडिलांची, काकांची, आमच्या जुन्या मुख्याध्यापकांची, सगळ्यांची जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहून टाकलेली. अशा कागदावरून वय ठरवून किती मुलांचा गट बदलला असेल आणि किती मुलं त्यात बाद झाली असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आता जन्मदाखले आले, निदान पुढच्या मुलांचं तसं होणार नाही.

बाईंनी सांगितलं, मुलगी कुलाब्याकडच्या कोळीवाड्यातली. स्टिक शाळेची. सकाळी आईबरोबर बाजारात टोपली उतरवून मग सरावाला येते. शाळेच्या परवानगीनं आईशी बोलायचं सोमवारवर ठेवलं. आधी तिला पुन्हा खेळताना बघायचं होतं. एका सामन्यावरून निवडायचं नाही, हे भाच्याचं म्हणणं मला पटलेलं होतं. चांगला दिवस सगळ्यांचाच एखादा असतो.

त्याच मैदानावर एक गोलकीपर मुलगीही नजरेत भरली होती. पाय फार चपळ. पण तिच्याकडे सामनाभर जेमतेम तीन फटके आले. त्यावर काय बोलणार?

दुपारी दादरला उतरून प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष घेतलं. शनिवारी दुपारी बाहेर रांग असते, पण ती भराभर सरकते. टेबल वाटून बसावं लागतं आणि त्यातच गप्पा होतात. आमच्यासमोर बसलेले गृहस्थ निवृत्त कबड्डी पंच निघाले. आम्ही काय करतो ते ऐकून म्हणाले, "आम्हीपण चढाईचे गुण मोजत नाही हो. कोपरा कोण धरून बसतं ते बघतो." एका वाक्यात त्यांनी आमची सगळी वही सांगितली.

संध्याकाळी भाच्याच्या आग्रहानं अंधेरीला गेलो. त्याच्या मित्राच्या सोसायटीत स्केटिंगची सिमेंटची जागा आहे, तिथं मुलं चाकांच्या बुटांवर हॉकी खेळतात. एका सरळ रेषेत चाकं, हातात लांब दांडी, पकऐवजी कडक बॉल. भाचाही उसने बूट घालून उतरला आणि मुलं त्याच्याभोवती जमली. उलटं कसं सरकायचं, वळताना वजन कुठल्या पायावर टाकायचं, तो शिकवत होता. एका मुलीनं विचारलं, "दादा, इंडियाची खरी बर्फावरची टीम आहे का?" आहे. लडाखच्या मुली गोठलेल्या तळ्यांवर शिकल्या आणि २०२५ मध्ये आशिया कपमध्ये भारतीय महिला संघानं ब्राँझ आणलं. ते ऐकून ती लगेच पुन्हा खेळायला पळाली. मला वाटतं, अशी माहिती मुलांपर्यंत वेळेवर पोचणं ही निवडीइतकीच मोठी गोष्ट आहे.

रविवार

रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो. आदल्या रात्री वेळापत्रक बघून ठेवा आणि हाताशी तास-पाऊण तास जादा ठेवा. आम्ही वांद्र्याला जायला लवकरच निघालो.

वांद्र्याच्या हिल रोडवरची सेंट स्टॅनिस्लॉस ही १८६३ सालची शाळा. हॉकीवाल्यांना तिचं नाव वेगळं सांगावं लागत नाही. भारताचा कर्णधार झालेला विरेन रस्किना इथलाच. शाळा बाहेरूनच बघितली. आम्हाला जायचं होतं जवळच राहणाऱ्या एका ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजातल्या, काकांकडे. माझ्या जुन्या प्रशिक्षकांचे ते स्नेही. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी ऑफिसच्या संघाकडून सेंटर हाफ खेळलेले. लाकडी जिन्याचं जुनं घर, दारात क्रूस, व्हरांड्यात तुळशीसारखीच जपलेली मोगऱ्याची कुंडी.

काकांची मराठी ऐकत राहावी अशी, तिच्यात कोकणही होतं आणि वसईही. काकूंनी फुगे तळले होते, वरून तांबूस आणि आतून पोकळ, सोबत बॉटल मसाल्यातली कोंबडी. हा मसाला उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत दाबून भरतात आणि वर्षभर पुरवतात. आमच्या कांदा-लसूण मसाल्याहून अगदी निराळा, तिखट असून आधी वास येतो आणि झणका मागून. भाच्यानं किती फुगे खाल्ले ते काकू मोजत होत्या आणि आणखी वाढत होत्या.

जेवणानंतर काकांनी विषयाला हात घातला. "तुमी बगता. बरोबर. पन आयकता का?" आम्हाला कळेना. मग ते उठले, कोपऱ्यातली जुनी स्टिक घेतली आणि भाच्याला बॉल जमिनीवरून टाकायला सांगितलं. त्यांनी तो थांबवला. हलकासा 'टुक्'. मग स्टिक ताठ धरून मुद्दाम चुकीचा थांबवला. 'टाक्'. "हात मऊ असंल तर आवाज मऊ. मी पोरगा बगायला गेलो का दोन मिनिटं डोळे मिटून बसायचो. कोनाचा ट्रॅप हाय ते आवाजावरून कळतं."

भाच्यानं तिथल्या तिथं वहीत चौथा रकाना आखला. बर्फावरही पक ब्लेडवर बसल्याचा आवाज येतो, पण रिंकच्या फळ्यांच्या दणदणाटात तो ऐकायचं कधी सुचलं नाही, असं तो म्हणाला.

काकांनी १९८२ चा वर्ल्डकप चर्चगेटला पायरीवर बसून बघितला होता. तेव्हा खाली गवत होतं. गवतावर बॉल उडायचा, म्हणून मनगट लागायचं. टर्फवर बॉल सरळ येतो, म्हणून आता पाय आणि दम लागतो. मुलं बघणाऱ्यानं आपल्या वेळचा खेळ डोक्यात धरून बसू नये, असं त्यांनी दोनदा बजावलं. ऐंशी पार केलेल्या माणसाकडून हे ऐकताना मला फार बरं वाटलं.

परतताना गाडीत भाच्यानं त्याच्या खेळातल्या गोष्टी सांगितल्या. नॅशनल हॉकी लीगमध्ये अठराच्या आसपासच्या मुलांना संघ एकामागून एक निवडतात. डेट्रॉइटनं पावेल दात्स्युकला १९९८ मध्ये १७१ व्या क्रमांकावर घेतलं आणि हेन्रिक झेटरबर्गला १९९९ मध्ये २१० व्या. म्हणजे दीडशे-दोनशे वेळा सगळ्या संघांनी दुसरंच कुणीतरी उचललं. पुढे हे दोघं त्या संघाचे आधारस्तंभ झाले. मार्टिन सें लुई तर पाच फूट आठ इंच, त्याला कुणीच निवडलं नव्हतं. २००४ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी त्याच्या संघानं स्टॅनली कप जिंकला. हुशार, पगारी, वर्षभर हेच काम करणारी माणसं असूनही असं होतं. मग आपण तर किती जपून राहायला हवं.

आपल्याकडे उलट उदाहरणही आहे. २०१६ ला लखनौमध्ये भारतानं बेल्जियमला २-१ हरवून ज्युनियर वर्ल्डकप जिंकला. त्या संघातले हरमनप्रीत सिंग, सिमरनजीत सिंग, नीलकंठ शर्मा पुढे टोकियो ऑलिंपिकच्या ब्राँझ पदकवाल्या संघात होते. कुणीतरी त्यांना लहानपणी कुठल्या तरी मैदानावर नीट बघितलं असणार.

सोमवार

सकाळी सहा नंबरचा सामना. या वेळी समोरचा संघ तोडीचा. शनिवारी बचावात बुडालेली ती मुलगी आज पुढे येत होती. एकदा मध्यरेषेपाशी बॉल मिळाल्यावर तिनं स्टिक उजवीकडे उघडली, समोरची मुलगी तिकडे झुकली आणि हिनं रिव्हर्सनं, म्हणजे स्टिक उलटी फिरवून, बॉल डावीकडे सारला. त्यातून पेनल्टी कॉर्नर मिळाला. कॉर्नर वाया गेला. सामना १-१. गोल दुसऱ्याच मुलीचा. मी काही वेळ डोळे मिटून बसले. टुक्. काका बरोबर सांगत होते, गर्दीतही तिचा ट्रॅप ओळखू येत होता.

चुकतेही ती. उजवीकडून वेगानं येणाऱ्या मुलीला अडवताना पाय चुकीचा पुढे टाकते आणि उघडी पडते. शेवटच्या क्वार्टरला दम संपला होता. या दोन्ही गोष्टी शिकवता येण्यासारख्या आहेत. मान वळवून बघणं मात्र मोठेपणी शिकवून फारसं अंगी लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुपारी पाच गोलवाला फॉरवर्ड. त्याच्यावर आज दोन बॅक चिकटून होते. पहिल्या क्वार्टरला त्याला बॉलच मिळाला नाही, दुसऱ्यात तो चिडला, हात हलवून सोबत्यांवर ओरडला. माझी पेन्सिल नाव खोडायच्या बेतात होती. तेवढ्यात मध्यंतर झालं. त्याच्या सरांनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, कदाचित काहीच नसेल. तिसऱ्या क्वार्टरला तो आपणहून खाली आला, दोघा बॅकना आपल्यामागे ओढत, आणि त्यांनी सोडलेल्या मोकळ्या जागेत इनसाइडला खेळणाऱ्या सोबत्याला पास द्यायला लागला. त्याचा संघ २-३ नं हरला. त्याच्या नावावर एकही गोल नाही, पण दोन्ही गोल त्याच्या पासवरून. भाच्यानं वहीवरून मान वर केली आणि म्हणाला, "आता घे." शुक्रवारच्या पाच गोलांपेक्षा या हरलेल्या अर्ध्या तासानं तो मुलगा आम्हाला जास्त कळला.

संध्याकाळी शाळेत सहा नंबरची आई भेटली. बाजारातून थेट आली होती. शिबिराला पैसे पडत नाहीत, मुलींच्या खोलीवर बाई असतात, सुट्टीतच असल्यानं अभ्यास बुडत नाही, हे सगळं तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "ताई, तिकरं मावरा मिलतो का?" मासा आठवड्यातून दोनदा मिळेल, नदीचा मिळेल, असं मी खरं ते सांगितलं. ती लेकीकडे बघून म्हणाली, "बग बाय, नदीचा हाय. चालंल का?" मुलगी हो म्हणाली, पण तिचा प्रश्न वेगळाच होता. शिबिरात स्टिक मिळेल का, आणि मिळाली तर तिच्या मापाची मिळेल का.

मिळेल. घरी पोचल्यावर पहिलं काम तेच केलं, तिच्या उंचीची स्टिक बाजूला काढून ठेवली. फॉरवर्डच्या शाळेचं पत्रही आलं आहे, त्याचे वडील मे महिन्यात सोडायला येतील. गोलकीपर मुलीचं मात्र अजून ठरलेलं नाही. जानेवारीत तिचा संघ कडक फटके मारणाऱ्या संघाशी खेळणार आहे असं बाईंनी कळवलंय. भाचा तोपर्यंत परत गेलेला असेल, वही मात्र माझ्याकडे ठेवून जाणार आहे. मी जाऊन बघून येईन आणि मगच ठरवेन.